निळ्या शिक्क्याचा डॉलर

आमच्या गावच्या शनिवारच्या बाजारात एका बाईकडून टोमॅटो घेतले, तिने उरलेले पैसे परत दिले आणि त्यात ती नोट आली. गाव म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं, सातारा जिल्ह्यातलं नव्हे. एक डॉलरची नोट, वॉशिंग्टनचं तेच तोंड, पण शिक्का आणि नंबर हिरवे नाहीत, निळे. मला वाटलं खोटी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. हातात आलेली नोट उलटसुलट करून बघितल्याशिवाय पर्समध्ये टाकायची नाही, एवढं तरी त्यांच्याकडून माझ्यात उतरलंय.

घरी येऊन ती नीट वाचली. माथ्यावर ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ छापलेलं, मालिका १९५७. मजकुराचा अर्थ असा, की अमेरिकेच्या तिजोरीत एक डॉलरची चांदी जमा आहे आणि ही नोट आणणाऱ्याला ती मागताक्षणी मिळेल. मी लगेच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

“लिहून दिलंय ना त्यांनी? मग जा आणि मागून घे,” अण्णा म्हणाले.

मागायला मी पन्नासहून जास्त वर्षं उशिरा पोचले होते. नोटेच्या बदल्यात चांदी देणं २४ जून १९६८ ला बंद झालं. नोट मात्र अजून चालते, एक डॉलर म्हणून. इथे १८६१ पासून सरकारने काढलेलं कागदी चलन आजही कायदेशीर आहे. हे अण्णांना पटेचना. २०१६ च्या नोव्हेंबरात, निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावरही, बँकेने त्यांना पाचशे-हजारच्या नोटा मोजायला बोलावून घेतलं होतं. “दीडशे वर्षांत एकही रद्द नाही? त्यांचे कॅशियर फारच सुखी लोक दिसतात,” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

माझा मात्र तिथून सुरू झाला. त्या नोटेची बाजारातली किंमत दोन-तीन डॉलर, म्हणजे नफा एका टोमॅटोचा. पण आपण रोज हाताळतो त्या हिरव्या कागदाला एवढी भावंडं आहेत हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. लहान आकाराच्या जुन्या नोटांत शिक्क्याच्या रंगावरून नोटेची जात कळते: हिरवा फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, निळा चांदीचा, लाल ‘युनायटेड स्टेट्स नोट’चा, सोनेरी सोन्याच्या सर्टिफिकेटचा, तपकिरी गावोगावच्या नॅशनल बँकांच्या नोटांचा. हे पाठ करावं तर महायुद्धात सगळी उलथापालथ. १९४२ मध्ये हवाईसाठी तपकिरी शिक्क्याच्या वेगळ्या नोटा काढल्या आणि पाठीवर भल्यामोठ्या अक्षरांत हवाई असं छापलं. बेटं जपानच्या हाती पडलीच तर तेवढ्या नोटा रद्द करता याव्यात म्हणून ही सोय. म्हणजे रद्द करायची तयारी यांचीही होती, वेळ आली नाही इतकंच. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

आणि १९२९ च्या आधीच्या मोठ्या नोटा! त्या वर्षीच्या जुलैपासून आजच्या आकाराच्या नोटा आल्या. त्याआधीची नोट साडेसात इंचांना जराशी कमी लांब आणि तीन इंचांहून थोडी जास्त रुंद असायची. इथले संग्राहक तिला ‘हॉर्स ब्लँकेट’ म्हणतात, घोड्याच्या पाठीवर टाकायचं घोंगडं. १८९६ ची एक डॉलरची नोट बघाल तर नोट म्हणवणार नाही: इतिहास नावाची बाई एका पोराला समोरचं वॉशिंग्टन शहर दाखवतेय आणि भोवतीच्या चौकटीत माळांमध्ये थोरामोठ्यांची नावं. १९०१ च्या दहाच्या नोटेवर अख्खा अमेरिकी गवा उभा. १८९९ च्या पाचच्या नोटेवर रनिंग अँटिलोप हा लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचा सरदार, पण डोक्यावरचा पिसांचा साज पॉनी या दुसऱ्याच जमातीचा. पक्क्या पुणेकराला कोल्हापुरी फेटा बांधून फोटो काढावा, तसला प्रकार. या तिन्ही नोटांच्या किमती बघून मी लॅपटॉप मिटला.

परवडेल अशी मोठी नोट म्हणजे १९२३ ची एक डॉलरची. ऑनलाइन लिलावात एक दिसली, वर्णनात ‘कोरी करकरीत’ या अर्थाचं काहीतरी लिहिलेलं, फोटोत पांढरीशुभ्र. पंच्याण्णव डॉलरला घेतली. पाकीट फोडलं तेव्हा मी इतकी खूश होते की दोन दिवस ती डायनिंग टेबलावर ठेवली होती, आल्यागेल्याला दाखवायला.

आमच्या भागात नाणी-नोटा जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या तळघरात दहा-बारा माणसं जमतात. त्यात सत्तरीखालचे दोघेच, आणि बाई मी एकटी. तिथल्या एका आजोबांच्या हातात मी नोट ठेवली. त्यांनी ती डोळ्यांनी बघितली असेल-नसेल, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच हलवली आणि परत दिली. “हिला आंघोळ घातलीये,” म्हणाले.

मग त्यांनी जे दाखवलं ते मी कुठल्याही माहितीत वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे १९२३ चीच दुसरी नोट होती. वापरलेली, मधोमध घडी, कोपरे थोडे गोल, रंग जुन्या पोथीच्या पानासारखा. ती पालथी करून त्यांनी दिव्याखाली तिरकी धरली. पाठीमागून नंबराचे आकडे उमटलेले दिसत होते, अगदी किंचित, तिकीटयंत्राच्या ठशासारखे. नोटेचं चित्र आधी छापतात. शिक्का आणि नंबर त्यावर नंतर दाबून छापतात, त्याचा हा उठाव. मग माझी नोट तशीच धरली. सपाट, पाटासारखी. कुणीतरी ती धुऊन, ओल्या अंगानेच दाबून, घड्या घालवल्या होत्या. दाबताना घड्यांबरोबर उठावही गेला होता. धुताना खळ गेली होती, म्हणून ती हलवल्यावर आवाज करत नव्हती, नुसती लवत होती. शेवटी त्यांनी खिशातून जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली. त्यांची नोट त्या उजेडात मंद आणि मळकी राहिली, माझी निळसर चमकली. कपडे धुण्याच्या पावडरीतलं पांढरं करणारं द्रव्य कागदात राहतं आणि या उजेडात बोलतं. नोटांचा कागद मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावच्या क्रेन कंपनीकडून येतो, १८७९ पासून. कापूस आणि लिननचा, त्यात लाल-निळे बारीक धागे. तो असा कधी चमकत नाही.

विकणाऱ्याला मी लिहिलं. पाकीट फोडल्यावर माल परत घेत नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. नाव सांगत नाही. सांगून पंच्याण्णव डॉलर येणार नाहीत.

“आपल्याकडे लोक शर्टाच्या खिशातली नोट चुकून धुतात. तिकडे मुद्दाम धुतात?” अण्णांनी विचारलं. मग, जरा थांबून, “तू वाजवून नव्हती बघितलीस?”

फोटो वाजवता येत नाही, अण्णा.

त्याच क्लबात पुढच्या महिन्यात ते आजोबा मला म्हणाले, “तू भारतातली ना? आमचे चांदीचे डॉलर तुम्ही लोकांनी नेले.” थट्टा असेल म्हणून मी हसले. ते म्हणाले, हसू नको, १९१८ चा पिटमन कायदा वाच.

वाचला, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून दोस्त राष्ट्रांना इतका माल जात होता, की त्याचे पैसे चुकवायला सरकारजवळ रुपये पुरेनात. म्हणजे रुपये पाडायला चांदी पुरेना. ३० नोव्हेंबर १९१७ ला आपल्याकडे पहिली एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, ती याच टंचाईतून. अडीच रुपयांच्या नोटेचे फोटो बघून आपण हसतो, पण त्यामागे हे होतं. त्यात १९१८ च्या वसंतात युद्धाच्या बातम्या वाईट यायला लागल्या आणि लोक नोटा घेऊन बंदा रुपया मागायला रांगा लावू लागले. सरकारकडचा साठा तळाला गेला. ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. अमेरिकेच्या तिजोरीत चांदीचे डॉलर थप्प्याच्या थप्प्या पडून होते. नेवाडा या चांदीच्या खाणींच्या राज्यातले सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ ला झाला: पस्तीस कोटींपर्यंत डॉलर वितळवायची परवानगी. प्रत्यक्षात सत्तावीस कोटींच्या वर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी भारतासाठी गेली. सिनेटरसाहेबांनी कायद्यात हेही घालून ठेवलं होतं, की जेवढी चांदी जाईल तेवढी पुढे अमेरिकी खाणींकडूनच विकत घ्यायची, औंसाला एक डॉलर भावाने. खाणवाले खूश, साहेब खूश, आणि आपला रुपया वाचला.

पण मला झोप आली नाही ती पुढच्या भागामुळे. प्रत्येक चांदीच्या डॉलरच्या नावावर एक निळ्या शिक्क्याचं सर्टिफिकेट लोकांच्या खिशात होतं. डॉलर वितळवला की त्याचं सर्टिफिकेटही व्यवहारातून काढायला हवं. मग रोजच्या देण्याघेण्याला एक-दोन डॉलरच्या नोटा आणायच्या कुठून? त्यासाठी बदली कामगार आणला: ‘फेडरल रिझर्व्ह बँक नोट’, मालिका १९१८. चांदी परत आल्यावर नवे डॉलर पाडले गेले आणि या नोटा काढून घेतल्या.

आमच्या घरी देवघरातल्या डबीत पंचम जॉर्जचे तीन रुपये आहेत. आजीचे. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात. अण्णांना म्हटलं, भिंग घेऊन बसा आणि साल वाचा. एकावर १९१३, एकावर १९१७ आणि एकावर १९१८. “आता १९१८ वाल्याच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, कमळाच्या फुलाखाली एक ठिपका आहे का बघा. असला तर मुंबईच्या टांकसाळीचा, नसला तर कलकत्त्याचा.” बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “आहे,” ते म्हणाले. “पण फार झिजलाय. आई दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात घासायची ना.”

म्हणजे आमच्या घरातही आंघोळ घालायची पद्धत होतीच.

हा रुपया अमेरिकन डॉलरच्याच चांदीचा, असं छातीठोकपणे कोण सांगणार? चांदीला नाव नसतं. पण हिशोब मी मांडून बघितला: एका डॉलरात चोवीस ग्रॅम शुद्ध चांदी, एका रुपयात पावणेअकराला जराशी कमी. एक डॉलर वितळला की सव्वादोन रुपये. आणि त्या डॉलरच्या जागी इथे एक कागद. तो कागद मला हवा होता.

फेडरल रिझर्व्हच्या बाराही विभागीय बँकांनी या एक डॉलरच्या नोटा काढल्या. मला हवी होती फिलाडेल्फियाची, कारण आम्ही त्या हद्दीत येतो. सात महिने शोधत होते. ऑनलाइन दिसायच्या, पण फोटोवरून घ्यायची नाही असं ठरवलं होतं. शेवटी बाल्टिमोरच्या नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले. कन्व्हेन्शन सेंटरचा हॉल, टेबलांच्या रांगाच रांगा, काचेखाली नाणी आणि प्रत्येक टेबलावर डोळ्यात पडेल असा एक दिवा. नोटावाले थोडे. तिसऱ्या रांगेत एका चेक्सचा शर्ट घातलेल्या माणसाकडे, प्लॅस्टिकच्या पाकिटांच्या खोक्यात, ती सापडली.

हातात घेऊ का विचारलं. तो म्हणाला, घे. डावीकडे वॉशिंग्टन, निळा शिक्का, मधोमध फिलाडेल्फियाच्या बँकेचं नाव मोठ्या अक्षरांत. पाठीवर हिरव्या रंगात पंख पसरलेला गरुड, नखांत झेंडा धरून निघालेला. मी ती दिव्याखाली तिरकी धरली. मागून आकडे उमटलेले. हलवली. आवाज आला! नवा नाही, पण पापड मोडण्याआधी होतो तसा. घड्या मोजल्या: एक उभी मधोमध, दोन बाजूंना, एक आडवी. जांभळी बॅटरी आता माझ्याकडेही होती. नोट चमकली नाही.

चिठ्ठीवर एकशे पंचेचाळीस. इथे घासाघीस करायची रीत वेगळी आहे. आपण आकडा सांगायचा नाही, “तुमचा सगळ्यात चांगला भाव काय?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हा भाग मला जड गेला. एकशे तीस म्हणाला. दिले, रोख.

घरी येऊन सह्या वाचल्या. चार सह्या आहेत. वरच्या दोन सरकारच्या: रजिस्टर, म्हणजे तिजोरीच्या नोंदी सांभाळणारे अधिकारी, ह्यूस्टन टीही आणि ट्रेझरर जॉन बर्क. टीही चेरोकी जमातीचे होते. म्हणजे १८९९ च्या नोटेवर मूळ रहिवाशाला भलत्याच जमातीचा साज घालून बसवणाऱ्या खात्यात, वीसेक वर्षांत एका मूळ रहिवाशाची सही नोटेवर येऊ लागली. मला ही त्या गव्यापेक्षा आणि बाईपेक्षा जास्त आवडते. खालच्या दोन सह्या बँकेच्या: एक गव्हर्नरची, आणि दुसरीखाली स्वच्छ छापलंय, कॅशियर.

ती मी ग्रेडिंगला पाठवली, म्हणजे नोटेची अवस्था तपासून गुण देणाऱ्यांकडे. खरं तर पाठवायची गरज नव्हती, विकायची नाहीच आहे. पण पंच्याण्णव डॉलरची ठेच लागलेल्या माणसाला कुणीतरी शिक्का मारून द्यावा असं वाटतं. फॉर्म भरायचा, आपणच किंमत लिहायची, नोट पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवून रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि वाट बघायची. सत्तरपैकी गुण देतात. सत्तर म्हणजे छापखान्यातून उचलून सरळ डबीत ठेवलेली. मला तीसची आशा होती. पाच आठवड्यांनी कडक प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात आली: व्हेरी फाइन, २५. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत शेरा: टाचणीची भोकं.

टाचणीची भोकं! मी आवाज ऐकला, घड्या मोजल्या, बॅटरी मारली, आणि सगळ्यात सोपी गोष्ट केली नाही. आता खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरली तर डाव्या कडेला दोन ठिपके लख्ख दिसले, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. खोटं कशाला बोलू, विकणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याने नोट हातात दिली होती.

अण्णांना दाखवताना मी ही गोष्ट शेवटी सांगायची ठरवली होती. आधी कॅशियरची सही दाखवली.

“प्रत्येक नोटेवर स्वतः करायचा?”

“नाही हो, छापलेली आहे. त्याआधीच्या काळात लहान गावांतल्या बँकांचे कॅशियर हाताने करायचे नोटांवर.”

“मग हा कसला कॅशियर,” अण्णा म्हणाले. “मी दर बंडलाच्या पट्टीवर सही करायचो. रोज शंभर-शंभर.” पण चेहरा खूश होता. मग त्यांनी नोट खिडकीसमोर धरायला सांगितली, मी काही न सांगता. सवयच ती.

“दोन भोकं आहेत.”

“हो. त्यामुळे पाच गुण गेले माझे.”

“फोन जवळ आण. आणखी. हां.” त्यांनी चष्मा वर केला. आमच्याकडच्या कोऱ्या नोटांनाही भोकं असायची, बँकेच्या पिनांची, गड्डीत आरपार गेलेली, ती त्यांनी आयुष्यभर बघितली होती. “ही गड्डीची नव्हेत. गड्डीची पिन जाड, भोकं फाटून मोठी होतात. ही एकच टाचणी आहे, इकडून आत आणि तिकडून बाहेर. कुणीतरी ही एकटी नोट कशाला तरी टाचून ठेवली होती. कागदाला असेल, नाहीतर कापडाला.”

“कशासाठी?”

“पगार असेल कुणाचा. किंवा पोराला कुठे पाठवलं असेल, पडू नये म्हणून सदऱ्याला लावली असेल.” थोडा वेळ ते बघत राहिले. मग नेहमीचा प्रश्न आला: “एकूण कितीला पडली? प्लॅस्टिकसकट, पोस्टासकट सांग.”

मी पोस्ट धरलं नाही. प्लॅस्टिकही धरलं नाही.